दहा दिवसांचा आवाज

आमच्या घरी गणपती दीड दिवसाचा. वडील गिरणीत होते तेव्हा सुट्टी तेवढीच मिळायची म्हणून दीड दिवस. पुढे गिरणी बंद पडून वडिलांना कायमचीच सुट्टी मिळाली, तरी दीड दिवस तसाच राहिला. भांडुपच्या चढावरच्या आमच्या खोलीत कपाट सरकवून मखराला जागा करायचो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कपाट परत जागेवर.

मुलगी तेव्हा बालवाडीत होती. उत्तरपूजा झाली, मी मूर्ती उचलायला वाकलो, तर ही मध्ये येऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवून गणपतीलाच विचारलं, "इतक्यात निघालास? अजून पाटसुद्धा वाळला नाही." पाट सकाळीच आईनं धुतला होता, खरंच ओला होता. माझी आई शेवटपर्यंत मालवणीच बोलायची. ती म्हणाली, "जाऊक व्हया गो बाय. गावाक सगळे वाट बघतत."

"मग मी पण येते त्याच्याबरोबर."

सगळे हसले. मीही हसलो.

मी महापालिकेच्या पाणीखात्यात नोकरीला. गाणी लिहायची सवय कॉलेजातली. आमचं कॉलेज म्हणजे टेकडीच्या पोटाशी बांधलेल्या दोन इमारती आणि एक पत्र्याचा हॉल. घरी पुस्तक उघडायला जागा नसायची, म्हणून मी सकाळी जायचो तो दिवेलागणीलाच निघायचो. त्या पत्र्याच्या हॉलमध्ये एक मुलगा पेटी वाजवत बसायचा. आंतरकॉलेज स्पर्धेसाठी त्याला शब्द हवे होते, मला चाल हवी होती. तिथून आमची मैत्री झाली. आमच्या मागच्या वर्गातली एक मुलगी त्या कोरसमध्ये गायची. पुढे तिच्याशी माझं लग्न झालं. आम्ही अजूनही एकमेकांना अरे-तुरेच करतो. आईला ते कधी आवडलं नाही.

मित्र पुढे अंधेरीला गेला, संगीतकार झाला. एका औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गाळ्यात त्याचा छोटा स्टुडिओ आहे. एकदा त्याचा फोन आला, "अरे, सगळे गणपती आल्याचीच गाणी करतात. कंपनीला गणपती जातो त्याचं गाणं हवंय. आहे काही?"

होतं. मुलीची ओळ घेऊनच मी ते लिहून ठेवलं होतं. गाणं मोठ्या गायकानं म्हणायचं आणि प्रत्येक कडव्यानंतर एका लहान मुलीनं विचारायचं, "इतक्यात निघालास?" त्यासाठी ठरवलेल्या मुलीचा नेमका रेकॉर्डिंगच्या दिवशी घसा बसला. मित्र म्हणाला, "तुझीच आण ना रे. ओळ तिचीच तर आहे."

ती तेव्हा दुसरीत होती. रिक्षात बसल्यापासून चिक्की मागत होती. मी म्हटलं, आधी गाणं. ती म्हणाली, आधी चिक्की. शेवटी चिक्की मुठीत धरूनच ती माइकसमोर उभी राहिली. हेडफोन तिच्या कानांवरून घसरत होते. काचेपलीकडून मित्र तिला वेडीवाकडी तोंडं करून दाखवत होता. शेवटच्या वेळी ओळ म्हणून झाली आणि ती फिसकन हसली. मी म्हटलं, हे हसू काढून टाकू या. मित्र म्हणाला, "वेडा आहेस काय? तेच तर गाणं आहे."

त्याचं म्हणणं खरं ठरलं. पहिल्या वर्षी गाणं आमच्याच भागात वाजलं, दुसऱ्या वर्षी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत, आणि मग ते आमचं राहिलंच नाही. विसर्जनाला निघालेल्या प्रत्येक टेम्पोवर ते असायचंच. रॉयल्टी यायला लागली. नोकरीच्या पगारात जे कधी झालं नसतं ते झालं; आम्ही चढावरून खाली, रस्त्याला लागून असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो.

मुलगी मोठी होत गेली तशी तिला त्या गाण्याची लाज वाटायला लागली. "बाबा, प्लीज कुणाला सांगू नकोस ना तो माझा आवाज आहे म्हणून." तरी सगळ्यांना कळायचंच. अकरावीला ती आमच्याच कॉलेजात गेली. तिथं ती लेक्चरमधून लवकर उठली की मागच्या बाकावरून ओरडायचे, "इतक्यात निघालीस?" ती घरी येऊन चिडचिड करायची आणि चिडचिड करता करता हसायची.

बारावीच्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. आधी साधा ताप वाटला. मग प्लेटलेट्स उतरायला लागल्या. आमच्या गल्लीतल्या मंडळाची पोरं मंडपाचं काम टाकून प्लेटलेट्स द्यायला रांगेत उभी राहिली. वर्गणीवरून मी ज्यांच्याशी दरवर्षी भांडायचो, तीच पोरं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. ती माझ्याशी शेवटचं जे बोलली त्यात काही मोठं नव्हतं. मोबाइलचा चार्जर कुठे ठेवलाय, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, बॅगेत आहे, काढतो. चार्जर काढून तिच्या उशाशी ठेवला. तो मी नंतर घरी आणला.

तिचं तेरावं झालं आणि गणपती आले.

घरी अर्थातच बसवला नाही. मंडळाचा अध्यक्ष, तोही एक पोरगाच, दारात चपला काढून उभा राहिला. म्हणाला, "काका, आपल्या मंडपात ते गाणं वाजणार नाही. मी सगळ्यांना सांगितलंय." मला त्याचे हात धरावेसे वाटले, पण मी नुसती मान हलवली.

गल्लीचा शब्द गल्लीपुरता. गौरी-गणपतीच्या विसर्जनाला मोठ्या रस्त्यावरून टेम्पो जायला लागले. मी ओट्याशी चहा टाकत होतो. आधी ढोलक ऐकू आली, मग गायक, आणि मग ती. दुसरीतली. तिसऱ्या मजल्यावर, माझ्या स्वयंपाकघरात, कानाशी उभं राहून विचारावं तशी. "इतक्यात निघालास?"

मी धावत जाऊन खिडक्या लावल्या. आमच्या सरकत्या खिडक्या. त्यांच्या फटींतून पाऊस येतो, तिथून आवाज कसला थांबतोय. बायको आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. मी गॅस बंद केला की नाही तेही आठवत नाही. पुढची चार मिनिटं मी कानांवर हात दाबून ओट्याखाली बसलो होतो. पन्नाशीला आलेला माणूस. तो टेम्पो गेला, मागून दुसरा आला. त्याच्यावरही तेच.

ज्यांची माणसं जातात त्यांना फोटो आत ठेवता येतो, कपडे कुणाला देता येतात. आमची मुलगी मात्र दरवर्षी दहा दिवस शहरभर बोलत फिरणार होती आणि तिला गप्प करणं कुणाच्याच हातात नव्हतं.

त्यानंतर बँकेचा मेसेज आला. रॉयल्टी जमा. मी मोबाइल उलटा करून ठेवला. त्या पैशाची भाजी आणायची? विजेचं बिल भरायचं? दुसऱ्या दिवशी दुकानातून दूध घेताना कार्ड पुढे केलं आणि हात मागे घेतला, दूध तिथंच टाकून आलो.

त्याच सुमारास कॉलेजच्या प्राचार्य मॅडम भेटायला आल्या. त्यांनी मला पहिल्या वर्षाला मराठी शिकवलेलं. तेव्हा त्या नवीन होत्या, आता निवृत्तीला आल्या होत्या. मुलीच्या वर्गाबद्दल बोलल्या. तिच्या बाकावर कुणी बसत नाही म्हणाल्या. तिची एक मैत्रीण कॉलेज सोडतेय, घरी फी जमत नाही, असंही बोलण्याच्या ओघात निघालं. त्या मागायला आल्या नव्हत्या. मीच म्हणालो, "मॅडम, त्या गाण्याचे पैसे कॉलेजला घ्या. आत्ता आलेले, पुढे येतील ते, सगळे. मुलींच्या फीला लावा."

"आत्ता नको. अशा वेळी असले निर्णय घेऊ नयेत रे."

"अशी वेळ नसती तर दिले असते कशाला?"

त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "देऊ दे त्याला."

कागदपत्रं झाली. त्या पैशांतून मुलींच्या फिया जायला लागल्या, पत्र्याच्या हॉलला पंखे आणि टेबलं लागून तिथं अभ्यासिका झाली. पुढच्या वर्षी कॉलेजनं माझा सत्कार ठेवला. दानशूर माजी विद्यार्थी, असा फलक फाटकावर. शाल, श्रीफळ, मुलींच्या टाळ्या. एका वक्त्यानं सांगितलं की या माणसानं दुःखाचं सोनं केलं. मी माइकसमोर उभा राहिलो तर तोंडातून शब्द फुटेना. लोकांना वाटलं भरून आलंय. मला फक्त एवढंच कळत होतं की मी काही दान वगैरे केलेलं नाही. हातातला विस्तव मी दुसऱ्याच्या दारात टाकला होता आणि लोक त्यावर हात शेकत मला आशीर्वाद देत होते. मॅडमना सांगून मी फलक उतरवून घेतला आणि कुठल्याही मुलीला माझं नाव सांगायचं नाही, असं कबूल करून घेतलं.

गणपतीच्या दिवसांत मी घरातून पळायला लागलो. सुट्टी असली की सकाळीच बोरीवलीला नॅशनल पार्कमध्ये जायचो. फाटकापासून आत चालत राहायचं, जोवर रस्त्याचा आवाज येतोय तोवर थांबायचं नाही. आत कुठेतरी दगडावर बसून राहायचो. डबा नेलेला असायचा, तो तसाच परत यायचा. एकदा खूप आत गेलो होतो, पाखरांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात लाकडाची मोळी घेऊन एक बाई पायवाटेनं गेली. कमरेला मोबाइल खोचलेला आणि त्यावर तेच. मी तिला काय म्हणणार? ती बिचारी माझ्याकडे बघून हसली आणि पुढं गेली. आवाज बराच वेळ झाडांतून येत राहिला.

बायको घरीच थांबायची. तू पण चल, असं मी पहिल्या वर्षी म्हणालो. ती नको म्हणाली. नंतर मी विचारलं नाही. ती दारंखिडक्या लावून पडून राहत असेल असं मी धरून चाललो होतो. मुलीबद्दल आम्ही बोलत नव्हतो. बोलायचो ते गॅस, पाणी, सोसायटीची मीटिंग यांबद्दल.

मग ते रीमिक्स आलं. कुणी केलं ते मला आजही माहीत नाही. त्यात गायक नव्हताच, शब्दही नव्हते. फक्त तिची ओळ. कापलेली, ताणलेली, खाली धडधडणारा बेस. "निघा-निघा-निघालास?" आणि तिचं ते हसू पुन्हा पुन्हा फिरवलेलं, एवढं की ते हसू वाटेनासं व्हावं. त्यावर पोरी-पोरं मोबाइलवर नाच करून टाकत होती. ऑफिसातल्या एकानं कौतुकानं मला दाखवलं, "साहेब, तुमचं गाणं झकास चाललंय." मी संडासात जाऊन ओकलो.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीला माझी ड्यूटी विसर्जनाच्या तलावावर लागली. बदलून घ्यायचा प्रयत्न केला, मिळाली नाही. पाण्याच्या टँकरपाशी उभं राहायचं, एवढंच काम. दुपार कशीबशी काढली. ऊन उतरायला लागलं तशा मोठ्या मिरवणुका यायला लागल्या. एका टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर होते. त्यानं रीमिक्स लावलं. समोर दीडदोनशे पोरं नाचत होती. माझ्या छातीत बेस आदळत होता आणि त्याच्यावर ती, तुकडे तुकडे होऊन. निघा. निघा. निघा. हसू. निघा.

मी टेम्पोवर चढलो कसा ते मला सांगता येणार नाही. आठवतं ते हातात धरलेल्या वायरींचं भेंडोळं. मी ते सगळं जोर लावून ओढलं. एकदम शांतता झाली. मग आरडाओरडा. डीजेवाल्यानं मला खाली ढकललं. पोरांनी घेरलं. "ओ काका, वेड लागलं काय? वाट लावली ना सगळ्याची!" कुणीतरी कानशिलात दिली. माझ्या तोंडातून एकच वाक्य येत होतं, "बंद करा रे. तिला सोडा." कुणाला? म्हणून ते विचारत होते.

गर्दीतून एक ओरडला, "अरे थांबा, थांबा! हे गाणं यांनीच लिहिलंय. मी फोटो बघितलाय यांचा."

डीजेवाला म्हणाला, "मग तर यांनी नाचायला पाहिजे."

पोलिसांनी मला बाजूला काढलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. एक तरुण फौजदार होता, त्यानं विचारलं, "साहेब, घरून कुणाला बोलावू?" मी बायकोचा नंबर दिला. ती आली, माझ्या शर्टाची तुटलेली गुंडी बघितली आणि काहीही न विचारता मला रिक्षात बसवलं. मागे मिरवणूक पुन्हा सुरू झाली होती.

त्यानंतर मी ठरवलं की गाणंच संपवायचं. अंधेरीला मित्राकडे गेलो. म्हटलं, "कंपनीला सांग, सगळीकडून काढून टाका. रीमिक्स, मूळ गाणं, सगळं."

तो बराच वेळ कन्सोलवरची धूळ पुसत राहिला. त्याच्याही मांडीवर खेळलेली ती. "निघेल ते. लोकांच्या मोबाइलमधलं नाही निघणार, पण कंपनीकडून बंद करता येईल. पण कॉलेजचं काय?"

"कॉलेज माझ्या आधी होतं, नंतरही राहील."

"तू जाऊन मॅडमना सांग मग. मी नाही सांगणार."

मॅडमच्या केबिनबाहेर बाकावर बसलो. शेजारी एक मुलगी बसली होती, मांडीवर पुस्तकं, बहुधा सहीसाठी थांबलेली. तिनं आपण होऊन बोलायला सुरुवात केली. काका, तुमचं कोण आहे कॉलेजात? मी म्हटलं, होती एक. आता नाही. तिला वाटलं पास होऊन गेली असेल.

"मी टीवायला आहे. घर माहुलला आहे, पण अभ्यासाला इथंच थांबते. घरी होतच नाही. त्यात परवापर्यंत गणपती. आमच्या खिडकीलाच स्पीकर बांधला होता. तुम्हाला खरं सांगू? ते एक गाणं आहे ना, इतक्यात निघालास, त्याचा मला असा राग येतो! सकाळ नाही, दुपार नाही. ऐन गणपतीत अकाउंट्सचा पेपर होता आणि ती पोरगी आपली विचारतेय, इतक्यात निघालास, इतक्यात निघालास. मी म्हटलं, बाई, जाऊ दे ना त्याला एकदाचं!"

मला हसू फुटलं. कितीतरी वर्षांनी. ती पण हसायला लागली. तिची फी कुठून येते ते तिला माहीत नव्हतं, आणि मी हसता हसता कधी रडायला लागलो ते मला कळलं नाही. ती घाबरली, बाटली पुढे करून म्हणाली, "काका, पाणी घ्या. सॉरी, मी काही चुकीचं बोलले का?"

आत मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "गाणं तुझं आहे. मी अडवू शकत नाही आणि अडवणारही नाही. पण खोटंही नाही बोलणार तुझ्याशी. या मुलींची पुढची वर्षं मला दुसरीकडून उभी करता येणार नाहीत. निदान लगेच नाही."

"मॅडम, मला माझ्या मुलीचा आवाज बंद करायचाय आणि तुम्ही मला दुसऱ्यांच्या मुली दाखवताय."

"हो," म्हणाल्या. "दाखवतेय. माझ्याकडे दुसरं काय आहे दाखवायला?"

मी उठून बाहेर आलो. टेकडी उतरलो. गाणं चालू ठेवलं तर माझ्या मुलीचे असेच तुकडे होत राहणार, बंद केलं तर बाटली पुढे करणाऱ्या त्या मुलीचा गळा आवळणार, अशा जागी मी उभा होतो, आणि मला खरोखर वाटलं की आता आपण नसलेलं बरं. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी ट्रक बघत होतो. तेव्हा मित्राचा फोन आला. त्यानं तोडगा काढला होता. गाणं राहू द्यायचं, आवाज बदलायचा. दुसरी एखादी मुलगी आणून तिच्या ओळी नव्यानं रेकॉर्ड करायच्या, जुनं कंपनीनं मागे घ्यायचं. पैसे कॉलेजला जात राहतील. कंपनी खूश आहे, म्हणाला, त्यांना नवी आवृत्ती हवीच होती. पुढच्या आठवड्यात करून टाकू.

बुडणाऱ्याला तळ लागावा तसं झालं. मी हो म्हणालो.

संध्याकाळी बायको भाजी निवडत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. ती निवडत राहिली. मग हात थांबले.

"कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

"मला का विचारलं नाहीस?"

"तुलाही सुटकाच होईल. दरवर्षी खिडक्या लावून किती दिवस—"

"खिडक्या तू लावतोस," ती म्हणाली. "तू बोरीवलीला गेलास की मी उघडते."

मला कळेना ती काय बोलतेय. ती खाली मेथीकडे बघूनच बोलत होती.

"सकाळपासून बसते मी तिथं. तलावाकडचे टेम्पो आधी येतात, स्टेशनकडचे नंतर. कोण कुठलं गाणं लावतं ते मला पाठ झालंय. वर्षभर मी तिचा आवाज विसरत असते रे. आधी शब्द जातात, मग आवाज जातो. दिवाळीपर्यंत असतो, मग पुसट होतो, होळीला तर काहीच नसतं. मला भीती वाटते, गेला कायमचा. मग गणपती येतात."

"फोनवर आहे की ते. कधीही लावून—"

"लावलं तर बंद कोण करणार?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "सांग ना. मी माझ्या हातानं लावलं तर मला माझ्याच हातानं बंद करावं लागेल. ते मला जमणार नाही. टेम्पो आपला येतो, ती बोलते, आणि टेम्पो आपला जातो. मला काही करावं लागत नाही."

मेथीची काडी तिच्या बोटांत तशीच होती. इतकी वर्षं एका घरात राहून मी जिच्यापासून पळत होतो, तिची ही वाट बघत होती. मी तिला म्हटलं, मला ते सहन होत नाही. ती म्हणाली, माहितेय. मी म्हटलं, मी मरून जाईन. ती म्हणाली, "मग मी काय करू? तुझ्यासाठी तिला घालवू?"

मी मित्राला फोन करून नवं रेकॉर्डिंग थांबवलं. त्यानं कारण विचारलं नाही. रीमिक्स मात्र कंपनीकडून काढायला लावलं, निघालं तेवढं निघालं. अजूनही कुठेतरी वाजतंच.

मॅडम निवृत्त झाल्या. गाण्याचे पैसे कॉलेजला जातात. माहुलची ती मुलगी पास झाली असेल. पेढे द्यायला ती आली नाही, आणि येणार कशी, मी कोण ते तिला ठाऊकच नाही.

यंदा मी बोरीवलीला गेलो नाही. काही धीर आला होता म्हणून नव्हे. बायकोला एकटीला त्या खिडकीशी सोडून दगडावर जाऊन बसणं, हे कळल्यावर जमेना म्हणून. गौरी-गणपतीच्या दुपारी तिनं खिडक्या सरकवल्या. दोन खुर्च्या ठेवल्या. आधी बेंजोचं पथक गेलं, मग नुसते ढोल-ताशे. मग ढोलक आली. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. गायक सुरू झाला. पहिलं कडवं संपत आलं आणि मी उठलो, न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडला, बादली भरून वाहायला लागली तरी सोडूनच ठेवला. पाण्याच्या आवाजातूनही ती ऐकू येत होती. मी भिंतीला डोकं लावून उभा राहिलो.

बाहेर आलो तेव्हा ती तशीच बसली होती, गजाला हात लावून, डोळे मिटून. चेहरा ओला होता.

"गेला टेम्पो," ती म्हणाली.

माझे पाय पाण्यानं निथळत होते. मी तिच्या शेजारी बसलो. "अजून आहेत?"

"आहेत. सहापर्यंत येतील."

घड्याळाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तिनं माझा हात धरला नाही, मीही तिचा धरला नाही. खाली रस्त्यावर पुढची मिरवणूक वळत होती.